‘अजून थोडं मागे’ म्हणण्याआधी

कड्यावर, धबधब्याच्या तोंडाशी किंवा समुद्रातल्या खडकांवर फोटो काढताना कुणी पडलं की आपण सगळे पडणाऱ्याबद्दल बोलतो. तो किती बेफिकीर होता, तिला एवढी काय हौस होती, घरच्यांनी सोडलं कसं. समोर मोबाइल धरून जो उभा होता, त्याच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

सेल्फी सोडली तर फोटो हे दोघांचं काम असतं. एक जण उभा राहतो आणि दुसरा त्याला सांगतो: हात पसर, हनुवटी वर, जरा डावीकडे, अजून थोडं मागे. उभ्या राहिलेल्याची नजर कॅमेऱ्यावर असते आणि पाठ दरीकडे. त्याच्या मागे काय आहे, जमीन कुठे संपते, पाय कशावर आहेत, हे त्या वेळी फक्त फोटो काढणाऱ्याला दिसतं. आणि बहुतेक वेळा त्यालाही दिसत नाही, कारण तो माणसाकडे न बघता मोबाइलच्या काचेकडे बघत असतो. अशा रीतीने दोघांपैकी कुणाचंही लक्ष जमिनीवर राहत नाही. अपघात त्याच जागी शिरतो.

17 जून 2024 ला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, खुलताबादजवळच्या सुलीभंजनच्या डोंगरावर, 23 वर्षांची एक तरुणी मोटारीत चालकाच्या जागेवर बसली. तिला गाडी चालवता येत नव्हती. तिचा मित्र बाहेर उभा राहून तिचा व्हिडिओ काढत होता. गाडी मागे सरकू लागली. आधी हळू, मग वेगात. मित्र ‘क्लच, क्लच’ ओरडत धावला, पण तोवर गाडी दरीत गेली होती. त्या मुलाला दोष द्यायला मी हे सांगत नाही. त्याने आयुष्यभर काय सोसायचं आहे याची कल्पनाही करवत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की तिला थांबवू शकेल असा तिथे तोच होता आणि तो व्हिडिओ काढण्यात गुंतला होता. ‘चालवता येत नाही ना, मग आधी उतर, गाडी दुसरीकडे लावू’ हे वाक्य शूटिंग सुरू होण्याआधीच म्हणायचं असतं. एकदा शूटिंग सुरू झालं की आपल्याला व्हिडिओ चांगला यावा असंच वाटू लागतं.

त्याच महिन्यात पुण्याच्या जांभूळवाडी भागात एका पडीक इमारतीच्या छतावरून एक तरुणी, एका तरुणाच्या फक्त हाताला धरून, खाली लोंबकळली. रीलसाठी. दोर नाही, जाळी नाही. कुणी पडलं नाही, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. सुदैवाने निभावलेल्या अशा प्रसंगांचे व्हिडिओच जास्त पसरतात आणि ते बघून पुढचा कुणीतरी म्हणतो, ‘त्यांना जमलं तर आपल्याला का नाही?’ ज्यांना जमलं नाही त्यांचं रील कुणी अपलोड केलेलं नसतं. ते करणारा उरलेला नसतो.

दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्टोबर 2011 ते नोव्हेंबर 2017 या काळातल्या जगभरच्या बातम्या चाळून त्यांनी सेल्फीच्या नादात झालेले 259 मृत्यू मोजले. सर्वाधिक मृत्यू भारतातले होते. मेलेल्यांचं सरासरी वय 23 वर्षांच्या आसपास होतं आणि दर 10 जणांमागे 7 पुरुष होते. पण मला त्यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बुडणं हे होतं, उंचीवरून पडणं नव्हे. उंचीची भीती माणसाला उपजत असते. पाण्याची नसते, त्यातून गुडघाभर पाण्याची तर नाहीच नाही. म्हणून आधी पाण्याबद्दल बोलू.

30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून आलेलं एक कुटुंब वाहून गेलं. पाच जण, त्यातली बहुतेक लहान मुलं. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून ते उभे आहेत आणि पाणी चढतंय, असं दृश्य अनेकांनी मोबाइलवर पाहिलं. ते कुटुंब काही स्टंट करायला गेलं नव्हतं. हजारो लोक दर पावसाळ्यात करतात तेच ते करत होते. वाहत्या पाण्यात उभं राहून त्याचा आनंद घेत होते.

डोंगरातलं पाणी का फसवतं हे नीट समजून घ्या. तुम्ही उभे असाल तिथे पाऊस नसेल, ऊनसुद्धा पडलं असेल. पण धबधब्याला पाणी वरच्या पठारावरून येतं. तिथे अर्धा तास जोराची सर आली की सगळं पाणी त्याच नाळेतून खाली यायला बघतं. त्यात वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे ‘पाणी थोडंसं वाढलंय’ असं वाटतं तेव्हा पायांवरचा जोर फार जास्त वाढलेला असतो. पाण्याखालचा कातळ शेवाळलेला असतो. गुडघ्याएवढ्या वेगवान पाण्यात एक पाय सुटला की माणूस उठून उभा राहू शकत नाही. पोहता येणं तिथे फारसं उपयोगी पडत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा दगडांवर आपटतो.

लोंढा यायच्या आधी बहुतेक वेळा खुणा दिसतात. स्वच्छ पाणी गढूळ होतं. पानं, काटक्या, गवत वाहत येऊ लागतं. आवाज बदलतो, खळखळाटाला एक जाड घरघर येते. मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसतो. यातलं एकही दिसलं की त्याच क्षणी जवळच्या काठाकडे निघायचं. चप्पल, बॅग, मोबाइल, काहीही गोळा करायला थांबायचं नाही. आणि ही खूण पाण्यातल्या माणसाला नाही, काठावरून फोटो काढणाऱ्याला आधी दिसते, कारण तो वरच्या प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. म्हणून दर दोन-तीन फोटोंनंतर मोबाइल खाली घ्या आणि पाण्याच्या वरच्या अंगाला बघा. लहान मुलांना तर फोटोसाठी प्रवाहाच्या मध्ये नेऊच नका. काठाच्या एखाद्या कोरड्या दगडावर बसून पाय बुडवलेलं मूल फोटोत तितकंच गोड दिसतं.

आपल्याकडच्या नद्यांच्या कातळात रांजणखळगे असतात. निघोजला कुकडीत ते उन्हाळ्यात उघडे दिसतात आणि लोक लांबून बघायला येतात. पाणी आलं की मात्र तेच खळगे दिसेनासे होतात. वर घोटाभर पाणी आणि पुढच्या पावलाला खोल विहीर. मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळा तशाच कातळाचा. तिथल्या जुन्या लोखंडी पुलावर 15 जून 2025 च्या रविवारी गर्दी झाली आणि पूल कोसळला. 4 जण गेले, पन्नासच्या वर जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता. पुलावर थांबून खालच्या फेसाळ पाण्याचा फोटो काढायचा मोह कुणालाही होईल. पण जुन्या, अरुंद पुलावर लोक थांबायला लागले की त्यावर किती भार पडला हे पुलावर उभ्या असलेल्या कुणालाच मोजता येत नाही. पूल ओलांडायचा असेल तर ओलांडा आणि फोटो काठावरून काढा. गर्दी दिसली तर ओलांडूही नका.

समुद्राचं गणित थोडं वेगळं. मुंबईच्या बँडस्टँडचे खडक ओहोटीला उघडे पडतात, लोक आत-आत जातात आणि पाठीमागून भरती सुरू होते. शिवाय लाटा सारख्या उंचीच्या नसतात. बराच वेळ लहान येतात आणि मग एकापाठोपाठ दोन-तीन मोठ्या. कोरडा खडक बघून बसलेल्या माणसाला त्या गाठतात. जानेवारी 2016 मध्ये इथेच फोटो काढताना मुली पाण्यात पडल्या. त्यांना वाचवायला एका माणसाने उडी घेतली. एक मुलगी बुडाली आणि वाचवायला गेलेला तो माणूसही परत आला नाही. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातल्या 16 जागा सेल्फीसाठी धोकादायक ठरवल्या. गोव्यातही 2018 मध्ये किनाऱ्यांवर जीवरक्षक पुरवणाऱ्या संस्थेने अशा 24 जागांची यादी केली. त्यात दोनापावलाची जेटी, हणजूण, वागातोर, काब-द-राम होतं. समुद्रावर जाताना त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ बघून जा, ती वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर मिळते. ओला, काळा, शेवाळलेला खडक म्हणजे तिथपर्यंत लाट येते. त्याच्यावर पाय ठेवायचाच नाही, मग आत्ता तिथे लाट असो वा नसो.

आता कडे. सह्याद्री बसाल्टच्या थरांचा बनलेला आहे. मऊ थर आधी झिजतो, कठीण थर मागे राहतो, आणि म्हणून काठ अनेकदा पुढे आलेला आणि खालून पोकळ असतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर आतल्या बाजूला वळलेलाच आहे. वर काठावर उभं राहिलं की आपल्या पायाखालच्या दगडाखाली काय आहे हे आपल्याला दिसू शकत नाही. जुने ट्रेकर तिथे पालथं पडून डोकावतात, ते उगाच नाही. पावसाळ्यात काठावरचं गवत बाहेरच्या बाजूला झुकतं, त्यामुळे जमीन कुठे संपली आणि नुसतं गवत कुठे सुरू झालं हे वरून कळत नाही. मुरमाची उतरती जागा असेल तर घसारा, आणि घसाऱ्यावर बूट कितीही चांगला असला तरी धरत नाही.

माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यावर जुलै 2024 मध्ये मुंबईची एक 27 वर्षांची तरुणी व्हिडिओ काढताना सुमारे 300 फूट खोल फटीत पडली. ती मित्रमैत्रिणींबरोबर आली होती. पर्यटनाचे व्हिडिओ ती करत असे, फिरायची तिला सवय होती. बचाव पथकांनी पावसात, सुटणाऱ्या दगडांखाली कित्येक तास खपून तिला वर काढलं, पण ती वाचली नाही. त्या बातमीखाली लोकांनी जे लिहिलं ते वाचून मला फार राग आला होता. मेलेल्या मुलीला नावं ठेवून कुणाचाही जीव वाचत नाही. सवय असलेलं माणूसही पडतं, कारण सवयीचे पाय आणि कॅमेऱ्यात अडकलेलं लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या घटनेतून घ्यायचं ते एवढंच.

म्हणून मी माझ्याबरोबर येणाऱ्या सगळ्यांना एक अंतर पाळायला लावतो. काठापासून माणसाच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे 10 ते 12 फूट आत. पाय घसरून पडलो तरी पडलेलं शरीर काठाच्या आतच राहावं, हा त्यामागचा हिशेब. जमीन काठाकडे उतरती असेल, गवत ओलं असेल, वारा असेल, तर हे अंतर आणखी वाढवायचं. वाऱ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. नाणेघाटात किंवा आंबोलीजवळ कावळेसादला पावसाळ्यात दरीतून वर येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं उडवतो, आणि तो उलटा धबधबा मागे घेऊन फोटो काढायला झुंबड उडते. जो वारा पाण्याला वर फेकतो तो माणसाला का सोडेल? त्यात अंगात प्लॅस्टिकचा पोंचो असेल तर तो शिडासारखा फुगतो. उघडी छत्री आणि मोकळी ओढणी यांचंही तेच. अशा जागी पोंचोचे बंद बांधा, छत्री मिटा आणि वारा थोडा थांबला म्हणून पुढे सरकू नका. थांबलेला वारा झोताने परत येतो, आणि वाऱ्याला टेकून उभं राहिलेल्या माणसाचा तोल वारा अचानक थांबल्यानेही जातो.

किल्ल्यांवर आणखी एक अडचण. तटाच्या चर्या आणि बुरुजांच्या कडा तीनशे-साडेतीनशे वर्षांच्या असतात, त्यांच्या सांध्यांत झाडांची मुळं शिरलेली असतात. त्यावर चढून बसणं धोक्याचं आहेच, शिवाय त्याने वास्तूची हानी होते. नाशिककडच्या हरिहरच्या कातळकोरीव पायऱ्यांवर तर मोबाइल पिशवीतच असावा. एक माणूस मध्येच रीलसाठी थांबला की खालचे सगळे जण अर्ध्या पायरीवर, खोबणीत बोटं अडकवून खोळंबतात. तिथे आपला धोका आपल्यापुरता राहत नाही.

रेल्वेबद्दल थोडक्यात, कारण तिथे विचार करण्यासारखं काही नाहीच. रूळ आणि डबा एकाच रुंदीचे नसतात. ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर, पण लांबच्या गाडीचा डबा सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद. म्हणजे रुळाच्या बाहेर दोन्ही बाजूंना अडीच फूट गाडी असते. मुंबईची लोकल त्याहूनही रुंद. ‘मी रुळाच्या बाहेर उभा होतो’ असं सांगायला म्हणूनच फार जण उरत नाहीत. उभ्या मालगाडीच्या टपावर चढणाऱ्यांसाठी वरची तार 25 हजार व्होल्टची असते आणि तिला हात लागावा लागत नाही, जवळ गेलं तरी वीज अंगावर झेप घेते. 2024 च्या जुलैमध्ये शिवडी स्थानकात चालत्या लोकलला लटकून फलाटावर पाय घासत जाणाऱ्या एका तरुणाचा व्हिडिओ पसरला. रेल्वे सुरक्षा दलाचे लोक त्याला शोधत घरी गेले तेव्हा कळलं, की व्हिडिओ जुना आहे. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, मशीद स्थानकावर असंच काही करताना त्याने एक हात आणि एक पाय गमावला होता. दूधसागरला 2023 च्या पावसाळ्यात गाडीतून उतरून रुळांवरून चालत निघालेल्या पर्यटकांना रेल्वे सुरक्षा दलाने उठाबशा काढायला लावल्या होत्या. त्या धबधब्याचं सर्वांत सुंदर दर्शन डब्याच्या खिडकीतूनच होतं, आणि ते बसल्या जागी मिळतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग फोटो काढायचेच नाहीत का? जरूर काढा. चांगला फोटो काढायला धोका लागत नाही, कॅमेरा समजावा लागतो. आणि यातला मुख्य नियम असा: हलायचं ते कॅमेऱ्याने, माणसाने नाही. ‘अजून थोडं मागे’ हे वाक्य तोंडातून कायमचं काढून टाका. माणसाला आधी सुरक्षित, सपाट, कोरड्या जागी उभं करा आणि मग हवी ती चौकट मिळेपर्यंत तुम्ही स्वतः मागे-पुढे व्हा. तेही चालताना मोबाइल खाली ठेवून. चालायचं तेव्हा फक्त चालायचं, बघायचं तेव्हा थांबून बघायचं.

मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याचा आणि 0.5 च्या लेन्सचा कोन रुंद असतो. त्यात मागचा डोंगर लहान आणि लांब दिसतो. म्हणून लोकांना वाटतं की जरा पुढे जाऊन, काठावर उभं राहून दरी जास्त घ्यावी. त्याच्या उलट करा. माणूस काठापासून 12 फूट आत उभा. तुम्ही त्याच्यापासून 20-25 पावलं मागे या आणि 2 किंवा 3 पट झूम लावा. मागचा सुळका, धबधबा, समोरची डोंगररांग एकदम मोठी होऊन माणसाच्या पाठीशी येते. आता खाली बसा, मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर किंवा त्याहूनही खाली आणा. माणूस आणि काठ यांच्यामधली जमीन चौकटीतून नाहीशी होते आणि तो अगदी कड्याच्या टोकावर उभा आहे असं वाटतं. सिनेमावाले हेच करतात. धबधब्याचा फोटो समोरच्या उतारावरून किंवा रस्त्यावरून घ्या, माणूस जवळ आणि कोरड्यावर, धबधबा मागे. समुद्राची लाट हवी असेल तर माणूस कठड्याच्या आत, तुम्ही त्याच्या आणखी मागे, झूम लावून, आणि लाट फुटेपर्यंत धीर धरा. पाच-सहा फोटो एकदम काढायची सोय बहुतेक मोबाइलमध्ये असते.

सेल्फीच हवी असेल तर पाठ डोंगराला किंवा झाडाला लावून काढा, तोंड मोकळ्या बाजूला. टायमर लावून धावत जागेवर जायचं असेल तर जागा सपाटच निवडा. बऱ्याच मोबाइलना तळहात दाखवला की फोटो निघतो, ती सोय चालू करून घ्या म्हणजे धावायला नको. लग्नाआधीचं शूटिंग करणाऱ्या छायाचित्रकारांना माझी वेगळी विनंती आहे. नवरीच्या अंगावर घोळदार कपडे असतात, पायात उंच टाचा, आणि तुम्ही स्वतः उलट्या पावलांनी चालता. तुमच्या मागे उभं राहून तुमची पावलं बघणारा एक सहकारी ठेवा, आणि नदीपात्र हे ठिकाण पावसाळ्यात यादीतूनच काढा.

आता सर्वांत अवघड भाग: मित्राला नाही म्हणणं. कड्यावर पोहोचल्यावर ते जमत नाही. तिथे दहा जण बघत असतात, कुणी तरी ‘घाबरलास का?’ म्हणतं, आणि मग प्रश्न फोटोचा राहत नाही, इभ्रतीचा होतो. म्हणून गाडीतच ठरवा. आज फोटो कोण काढणार, त्याने ‘थांब’ म्हटलं की कुणीही वाद घालायचा नाही, आणि कुणी काठाकडे जाऊ लागलं तर मोबाइल खिशात घालून तो मागे वळणार. हा शेवटचा उपाय फार गुणकारी आहे. कॅमेरा बंद झाला की बहुतेक लोक आपोआप मागे येतात. ओरडू नका, धावत जाऊ नका, दचकून पाय सुटतो. शांतपणे नाव घ्या आणि ‘आधी इकडे ये, मग काढतो’ म्हणा. दारू प्यायलेला कुणी असेल तर त्याला काठापर्यंत नेऊच नका. आईवडिलांनीही मुलांना ‘फोटो काढू नका’ एवढंच सांगू नये, ते कुणी ऐकत नाही. ‘तुमच्यात फोटो कोण काढतं?’ असं विचारा, आणि त्या मुलाशी बोला.

पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी. कड्यावरून पाय सोडून बसलेल्या माणसाचा फोटो जाहिरातीत लावला की पुढच्या प्रत्येक गटाला तोच फोटो हवा असतो. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तुम्ही ज्यांच्याबरोबर जाता त्यांना ती विचारा, आणि त्यांच्या जाहिरातीत काठावरचे फोटो दिसले तर दुसरा आयोजक शोधा.

कायद्याचंही माहीत असू द्या. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धोकादायक जागांवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली मनाई आदेश काढतात. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागू शकतं, आणि त्यातून माणसाच्या जिवाला धोका झाला तर 1 वर्षापर्यंत कैद. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या बेदरकार कृतीसाठी कलम 125 आहे. रुळांवर विनाकारण शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे गुन्हा. निघण्याआधी जिल्ह्याचा आदेश बघा. बंद असलेल्या धबधब्यावर मागच्या वाटेने नेणारे तिथे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

आणि जे घरी बसून बघतात, त्यांचीही जबाबदारी आहे. कड्याच्या टोकावरच्या फोटोखाली ‘लय भारी, भावा’ लिहिण्याआधी थोडं थांबा. ओळखीचा माणूस असेल तर चारचौघांत न बोलता त्याला खासगीत फोन करा आणि सांगा की भीती वाटली. हे दहा उपदेशांपेक्षा जास्त लागतं. अनोळखी असेल तर लाइक न देता ‘धोकादायक’ म्हणून तक्रार नोंदवा. तुम्ही एखाद्या नव्या जागेचा फोटो नावासकट टाकत असाल, तर कुठे उभं राहायचं नाही आणि कोणत्या महिन्यात जायचं नाही हेही त्याच्याखाली लिहा. कारण तुमच्यामागून तिथे येणाऱ्याला ती वाट माहीत नसेल.

इतकं करूनही कुणी पडलंच, तर त्याच्या मागे खाली उतरू नका. दुसरा माणूस अडकला की बचाव पथकाचं काम दुप्पट होतं. बुडणाऱ्यासाठी उडी न घेता तरंगणारं काही फेका: बूच लावलेला रिकामा कॅन, दोर, गाठी मारलेल्या ओढण्या. स्वतः आडवे पडून किंवा झाडाला धरून ओढा, उभ्याने ओढलं तर तोच तुम्हाला आत खेचतो. 112 ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी 108. रेंज नसेल तर दोघांना गावाकडे पाठवा आणि बाकीच्यांनी ती जागा सोडू नका. नेमकं ठिकाण, माणूस किती खाली दिसतो, बोलतो का, हालचाल आहे का, हे सांगा. गावातली माणसं आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी स्वयंसेवी पथकं कामधंदा सोडून येतात. ती पोहोचली की त्यांचं ऐका, गर्दी मागे हटवा, काठावरचे दगड खाली जाऊ देऊ नका. आणि पडतानाचं चित्रीकरण तुमच्या मोबाइलमध्ये आलं असेल, तर ते मागितल्यास पोलिसांना द्या, कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. घरच्यांना आधी फोन गेला पाहिजे, आणि तो ओळखीच्या माणसाचा.